ओल्या चिकणमातीवर डोलणारा ट्रेलर : घरच्या घरी केलेल्या बंदोबस्ताचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अमेरिकेत ओहायो राज्याचा वायव्य कोपरा सपाट आहे आणि त्याची माती चिकट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर खणून निचरा करेपर्यंत हा भाग 'ग्रेट ब्लॅक स्वॅम्प' नावाची मोठी दलदल होता. वरून शेत दिसलं तरी फूटभर खाली आजही चिकणमातीच लागते. ईरी सरोवराच्या काठाने इथे बरीच हंगामी कॅम्पग्राउंड आहेत. मे ते ऑक्टोबरसाठी जागा भाड्याने घ्यायची, ट्रेलर म्हणजे ट्रकमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर आणून उभं करायचं आणि शनिवार-रविवार तिथे काढायचे, असा रिवाज.

प्रकरण अशाच एका जागेवरच्या मराठी कुटुंबाचं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं, आणि उन्हाळ्यापुरते साताऱ्याहून आलेले नवऱ्याचे आई-वडील. ट्रेलर २७ फुटी, दोन आसांचा, एका बाजूला बाहेर सरकणारी खोली म्हणजे स्लाइड-आउट, सामानासकट वजन साधारण ६,५०० पौंड. चार कोपऱ्यांना कारखान्यातून आलेले कात्री जॅक, म्हणजे स्क्रू फिरवला की कात्रीसारखे उघडणारे टेकू. जागेवर खडीचा पातळ थर होता आणि त्याखाली थेट चिकणमाती.

अडचण

एप्रिलअखेरीस ट्रेलर लावला तेव्हा तो ठीक वाटला. मेच्या पावसानंतर तक्रारी सुरू झाल्या. आई रात्री बाथरूमला उठल्या की सगळ्यांना जाग यायची. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "अरे, पाय टाकला की अख्खी गाडी हलते. मला गरगरतं." गुडघे दुखणाऱ्या माणसाला हलणारी जमीन हा नुसता त्रास नसतो, पडण्याची भीती असते. म्हणून 'कॅम्पिंग म्हटल्यावर एवढं चालायचंच' म्हणून हे सोडून देता येत नव्हतं.

नवऱ्याने पहिल्यांदा केलं ते जवळपास सगळेच करतात. बॅटरीवरचा ड्रिल लावून चारही जॅक करकचून वर चढवले, इतके की मागची चाकं जमिनीवर टेकल्यासारखी तेवढी राहिली. डोलणं थोडं कमी झालं, पण दोन दिवसांत बाहेरचं दार चौकटीला घासायला लागलं आणि स्वयंपाकाच्या ओट्याखालचा एक खण आपोआप उघडू लागला. आठवड्याभरात मागचा डावा जॅक पुन्हा सैल.

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता : जॅक आणखी चढवायचे, की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून बघायचं? घासणारं दार म्हणजे चेसिसला, म्हणजे ट्रेलरच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, पीळ पडल्याची खूण. कोपऱ्यांतले जॅक ट्रेलर उचलण्यासाठी नसतात. त्यांनी कोपरा जागेवर धरायचा. वजन पेलायचं काम टायर, आस आणि पुढचा हिचजवळचा (ट्रकला जोडायच्या टोकाजवळचा) जॅक यांचं. चेसिसही त्याच हिशेबाने बनवलेली असते. कोपरे उचलले की मधलं वजन लोंबतं, आणि चारातला एखादा पाय खचला की तिरप्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत पीळ बसतो. जॅकवर ५,००० पौंड क्षमता छापलेली असली तरी तो आकडा जॅकच्या ताकदीचा आहे. चेसिसला कुठे उचललेलं चालतं, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

नेमकं काय हलतं आहे

वडील निवृत्त, बांधकामावर देखरेख केलेले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "हलतंय म्हणजे कुठल्या दिशेने?" या प्रश्नाने पुढचं काम सोपं झालं, कारण 'हलणं' ही एक तक्रार नसून तीन-चार वेगळ्या तक्रारी असतात आणि प्रत्येकीचा इलाज निराळा.

तपासायला खास काही लागलं नाही. आतल्या ओट्यावर लेसर पॉइंटर टेपने घट्ट बसवला, उघड्या खिडकीतून २० फुटांवरच्या खांबाला लावलेल्या पुठ्ठ्यावर ठिपका पाडला, आणि एक जण आत चालत असताना दुसऱ्याने ठिपक्याच्या टोकांना पेन्सिलने खुणा केल्या. आडवी हालचाल दीड इंचाच्या आसपास भरली. मग बाहेरून हाताने ढकलून पाहिलं, एकदा लांबीच्या दिशेने, एकदा आडवं. तेव्हा चार गोष्टी वेगळ्या झाल्या.

पुढे-मागे होणारा हिसका चाकांतून येत होता. चाकांना उटी (चाक अडवणारे ठोकळे) लावलेली असली तरी टायरचं रबर लवतं, स्प्रिंगपाट्यांच्या कड्यांत खेळ असतो, आणि ६,५०० पौंडांचं धूड त्या खेळात अर्धा-पाऊण इंच सहज पुढे-मागे होतं.

आडवं डोलणं वेगळ्याच कारणाने होतं. कात्री जॅक वरून येणारा भार घेतो, पण त्याच्या पिनांचे सांधे थोडे ढिले असतात आणि जितका तो जास्त उघडा तितकी ती ढिलाई टोकाला मोठी होते. चार पाय भक्कम असलेली लाकडी बाजसुद्धा तिरकी पट्टी ठोकल्याशिवाय कुरकुरत डोलते, तसंच हे. चौकोन कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही.

खाली-वर होणारी उसळी स्प्रिंगपाट्यांची होती, आणि ती सर्वांत कमी होती. चौथी गोष्ट दाराची पायरी. ती चेसिसलाच जोडलेली असल्याने कोणी चढलं की ती बाजू खाली दबते, आणि आत झोपलेल्या माणसाला हिसका बसतो.

या सगळ्याच्या मुळाशी होता मागच्या डाव्या कोपऱ्याचा खचणारा पाया.

विचारात घेतलेले पर्याय

काँक्रीटचा ओटा हा पर्याय जागा भाड्याची असल्यामुळे लगेच बाद झाला.

चाकं काढून ट्रेलर पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवायचा, हा सल्ला शेजारच्याने दिला होता. तो तीन कारणांनी नाकारला. ट्रेलर कधीही ओढून नेता यायला हवा, अशी त्या जागेची अट होती. ट्रेलरची चेसिस आसांजवळ भार घेण्यासाठी असते, दोन टोकांवर टेकण्यासाठी नव्हे. आणि पोकळ ठोकळा आडवा ठेवून, म्हणजे भोकं बाजूला करून, वर लोखंडाची कड टेकवली की तो कसलीही सूचना न देता फुटतो. भोकं उभी ठेवली आणि वर जाड लाकडाची फळी दिली तर तो भार घेतो, पण ट्रेलरखाली वाकलेल्या माणसाला एवढ्या भरवशावर सोडू नये.

बाजारात तयार मिळणारा तिरक्या नळ्यांचा संच चांगला असतो. पण तो पाया सुधारत नाही. खचणाऱ्या मातीवर तो लावला असता तर महिन्याभरात पुन्हा हीच तक्रार आली असती. म्हणून ठरलं असं : आधी पाया, मग चाकं, मग कर्ण म्हणजे तिरके आधार, आणि प्रत्येक टप्प्यानंतर लेसरचा ठिपका बघायचा. ठिपका पुरेसा थांबला की तिथेच काम थांबवायचं. घरगुती कामात लोक नेमकं इथे चुकतात. सगळे उपाय एकदम केले की कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि पुढे एखादी गोष्ट सैल झाली तर कुठे शोधायचं तेही कळत नाही.

कृती : पाया आणि पातळी

सुरुवात सगळं मोकळं करण्यापासून. स्लाइड-आउट आत घेतली, गॅसची टाकी बंद केली, सगळ्यांना बाहेर काढलं, ट्रेलर पुन्हा ट्रकला जोडला, आणि मगच चारही जॅक सोडले. टायरची हवा बाजूवर छापलेल्या दाबाइतकी भरली. मऊ टायर हा डोलण्याचा सर्वांत स्वस्तात बरा होणारा भाग आहे.

कॅम्पग्राउंडची परवानगी घेऊन चार जॅकखाली १८ बाय १८ इंचांचे, ४ इंच खोल खड्डे घेतले. तळाला जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड अंथरलं, नाहीतर खडी चिखलात आणि चिखल खडीत मिसळतो. भरायला ओहायोत '३०४' म्हणतात ती बारीक भुकटीसह येणारी चुनखडीची खडी घेतली. '५७' नंबरची धुतलेली खडी पाणी छान जाऊ देते, पण तिचे सगळे दगड एकाच मापाचे असल्याने ती दाबून बसत नाही, गोट्यांसारखी सरकते. प्रत्येक खड्ड्याला पाऊण घनफूट, चारांना मिळून ३ घनफूट, म्हणजे अर्ध्या घनफुटाच्या ६ पिशव्या. दोन-दोन इंचांचे थर, किंचित ओले करून, हाताच्या धुमसाने ठोकले. चारही इंच एकदम टाकून ठोकलं की वरचा थर घट्ट होतो आणि खालचा पोकळ राहतो.

आता दोन्ही बाजू समतल करणं. फरशीवर दोन फुटी पाणसळ ठेवली तर उजवी बाजू साधारण दोन अंशांनी खाली होती. वडिलांनी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही बाजूंच्या चेसिसच्या खालच्या कडा ताडून पाहिल्या. गवंडी वापरतात ती ही लेव्हल पाइपची रीत लांब अंतरावर पाणसळीपेक्षा जास्त भरवशाची, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. दोन्ही बाजूंच्या चाकांतलं अंतर साडेसहा फूट धरलं तर एक अंश म्हणजे जवळजवळ १.४ इंच. दोन इंची म्हणून विकली जाणारी फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड असते. म्हणजे एक फळी म्हणजे एक अंशाला थोडं वर, आणि इथे दोन फळ्या.

'२ बाय १०' मापाच्या फळ्या घेतल्या, खालची ६६ इंच आणि वरची ५४ इंच. दोन्हींच्या चढण्याच्या टोकाला ४५ अंशांचा उतार कापला आणि अडीच इंची स्क्रूने एकमेकींना जोडल्या. '२ बाय ८' फळी स्वस्त पडते, पण तिची खरी रुंदी सव्वासात इंच. त्यावर टायरची कड बाहेर लोंबते आणि आतल्या तारांवर ताण येतो. त्या बाजूच्या दोन्ही चाकांखाली सलग फळी हवी. एकाच चाकाखाली फळी दिली तर त्या बाजूचा भार त्याच टायरवर जातो.

फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर ही पातळी केवळ आरामापुरती नसते. असे फ्रिज साधारणपणे आडवे तीन अंश आणि पुढे-मागे सहा अंशांपर्यंतच उतार सहन करतात. त्यापेक्षा जास्त उतारावर चालवत ठेवले तर आतली नळी कायमची बाद होऊ शकते.

जॅकखालचे ठोकळे

जॅकचा तळवा साधारण ४ बाय ७ इंच, म्हणजे २८ चौरस इंच. त्यावर ६०० पौंड आले तर जमिनीवर दर चौरस फुटाला ३,१०० पौंडांच्या आसपास दाब पडतो. अमेरिकी बांधकाम संहिता माती तपासली नसेल तर चिकणमातीसाठी १,५०० पौंड धरते, आणि भिजलेल्या चिखलाला तेवढंही झेपत नाही. म्हणजे तो जॅक खचणारच होता, त्याला ड्रिलने कितीही चढवला असता तरी. तोच भार १३५ चौरस इंचांवर पसरला की दाब ६४० पौंडांवर येतो, आणि खालची ठोकलेली खडी तो आणखी पसरवते.

प्रत्येक कोपऱ्याला जमिनीत वापरण्याच्या प्रतीची, औषध मुरवलेली '२ बाय १२' फळी, एकावर एक काटकोनात दोन थर. त्यावर '६ बाय ६' चे फूटभर लांबीचे दोन ठोकळे शेजारी-शेजारी, लोखंडी पट्टीने बांधलेले. आठ ठोकळे म्हणजे आठ फुटांचा एक वासा. करवतीच्या कापात थोडं लाकूड जातं म्हणून ठोकळे बारा इंचांना किंचित कमीच निघतात, त्याने बिघडत नाही. प्लायवुडचे चौकोन आधी विचारात होते, पण दीड इंचाचा प्लाय कडेने पाणी पितो आणि एका हंगामात थर सुटायला लागतात.

हा साडेआठ इंचांचा ओटा फक्त दाब पसरवत नाही. जमिनीपासून चेसिस २२ इंच वर होती. ओट्यामुळे जॅकला साडेतेरा इंचच उघडावं लागलं. पूर्ण उघडलेल्या कात्रीपेक्षा निम्मी उघडलेली कात्री कितीतरी कमी डुलते. नुसत्या एवढ्याने पुठ्ठ्यावरचा ठिपका दीड इंचावरून साधारण एका इंचावर आला.

जॅक लावण्याचा क्रम असा ठेवला. ट्रक सोडण्याआधीच दोन्ही बाजूंच्या चाकांना उटी. पुढचा हिचजवळचा जॅक फिरवून नाक समतलपेक्षा इंचभर खाली. या स्थितीत मागचे दोन्ही जॅक टेकवायचे. मग नाक समतल करायचं. ट्रेलर आसांवर झुलत असल्याने नाक वर गेलं की शेपटी खाली बसते आणि दोन्ही मागच्या जॅकवर सारखा भार येतो. त्यानंतर पुढचे जॅक टेकवून हिचजवळचा जॅक किंचित सैल. प्रत्येक जॅक हाताच्या हँडलने, टेकल्यानंतर अर्धा ते एक फेरा. ड्रिल वापरायचाच असेल तर जॅक टेकेपर्यंत वापरावा, पुढे हाताने, कारण भार किती आला ते हाताला कळतं, ड्रिलला कळत नाही. प्रत्येक जॅकनंतर दार उघडून-लावून पाहिलं. घासलं की तो कोपरा एक फेरा मागे.

चाकांमधली पाचर

पुढे-मागे हिसक्यासाठी दोन टायरमधल्या फटीत घट्ट बसणारी पाचर बनवली. टायरांचे मध्य ३३ इंचांवर आणि टायरचा व्यास २८ इंच, म्हणजे आसाच्या उंचीला फट ५ इंच, वर आणि खाली वाढत जाणारी. '६ बाय ६' मधून दोन-दोन ठोकळे असे कापले की निमुळतं टोक साडेचार इंच आणि रुंद टोक ८ इंच. रुंदीसाठी एक तुकडा जोडावा लागतो. एक ठोकळा वरून, एक खालून, निमुळती टोकं समोरासमोर. दोन्हींतून अर्ध्या इंचाचा, १८ इंच लांब, आटे असलेला रॉड. दोन्ही टोकांना ३ बाय ३ इंचांची जाड लोखंडी पट्टी आणि नट. नट आवळला की दोन्ही पाचरी जवळ येतात आणि टायर एकमेकांपासून दूर दाबले जातात. हाताने पाचर हलेनाशी झाली की पुरे. त्यापुढे आवळत राहिलं तर तो ताण स्प्रिंगपाट्यांवर आणि त्यांच्या पिनांवर येतो.

दोन्ही बाजूंना ही पाचर बसल्यावर पुढे-मागे हिसका जवळपास संपला. खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फळ देणारा भाग हाच. मात्र थंड पहाटे टायरातला दाब उतरतो आणि पाचर सैल होते, म्हणून आठवड्यातून एकदा पाना लावावाच लागतो. ही पाचर उटीची जागा घेत नाही. दोन्ही हव्यात. आणि ट्रेलर निघण्यापूर्वी पाचर काढली नाही तर काय होईल हे सांगायला नको. इथे ट्रकच्या स्टिअरिंगला लाल फडकं बांधून ठेवायची सवय लावली गेली.

आधी साखळी, मग नळी

आडवं डोलणं उरलं होतं. पहिला प्रयत्न साखळीचा होता : मागच्या डाव्या जॅकच्या तळव्यापासून उजव्या चेसिसपर्यंत आणि उजव्यापासून डावीकडे, पाव इंची साखळीची फुली, मध्ये ताणायला टर्नबकल. कल्पना चुकीची नाही. साखळीला दाब घेता येत नाही, पण फुलीत कुठल्याही बाजूला ट्रेलर झुकला तरी एक साखळी ताणात असते. पहिल्या रात्री फरक जाणवलाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ओटा किंचित बसला, साखळ्या सैल झाल्या, आणि पुन्हा ताणताना डावा तळवा ठोकळ्यावरून पाऊण इंच आत सरकला. सतत ताणात ठेवावी लागणारी गोष्ट नव्या भरावावर टिकत नाही. पक्क्या ओट्यावर कदाचित टिकली असती.

मग रस्त्याच्या पाट्यांना वापरतात त्या भोकांच्या चौकोनी नळ्या आणल्या. बाहेरची २ इंच, आतली पावणेदोन इंच, एकीत दुसरी सरकणारी, दर इंचाला ७/१६ इंची भोक. जॅकच्या तळव्यापासून समोरच्या चेसिसपर्यंत आडवं अंतर ५ फूट आणि चढ १३ इंच, म्हणजे नळीची लांबी ६१ इंच. दोन्ही नळ्या ३६-३६ इंचांच्या, एकीत दुसरी ११ इंच. मागे दोन आणि पुढे दोन अशा चार आधारांना प्रत्येक मापाची १२ फूट नळी लागली. खालचं टोक तळव्याच्या भोकातून ३/८ इंची बोल्टने. वरचं टोक चेसिसच्या आय-बीमला (इंग्रजी I आकाराच्या लोखंडी तुळईला) शिकंजाने, म्हणजे क्लॅम्पने. बीमच्या पात्याला भोक पाडलं नाही. ताण सर्वांत जास्त त्या पात्यावरच येतो, आणि तिथलं भोक पुढे चिरेला वाट करून देतं. शिकंजाखाली गॅसची नळी किंवा ब्रेकची वायर येत नाही ना, हे आधी हात फिरवून पाहिलं.

नळ्या बसल्या, आणि ठिपका फारसा थांबला नाही. ७/१६ भोकात ३/८ बोल्ट म्हणजे प्रत्येक सांध्यात १/१६ इंच खेळ, वर नळीत नळीचा खेळ. एवढ्याशा ढिलाईत सगळा फायदा वाहून जातो. वेल्डिंगची सोय असती तर बाहेरच्या नळीवर नट बसवून त्यातून बोल्ट आतल्या नळीवर दाबला असता. इथे जोडावर दोन-दोन यू-बोल्ट करकचून आवळले, टोकांच्या बोल्टना जाड वॉशर दिले. मग ठिपका पाव इंचाच्या आत आला.

मधल्या उसळीसाठी मागच्या आसाच्या मागे, दोन्ही आय-बीमखाली तीन टनी स्टँड ठेवले. स्टँडचे दाते मोठाले असतात, तंतोतंत उंची मिळत नाही. म्हणून तेलाच्या दाबावर चालणाऱ्या बाटली जॅकने बीम पाव इंच उचलून स्टँड आणि बीममध्ये सागवानी चिपा सरकवल्या आणि जॅक काढून घेतला. जॅक आसाच्या नळीला लावायचा नाही. डेक्स्टरसारखे आस बनवणारे आपल्या पुस्तिकेत आस किंवा स्प्रिंगच्या कुठल्याही भागावर ट्रेलर उचलायला मनाई करतात, कारण नळी वाकली की चाकाचा कोन बिघडतो. बाटली जॅक कायमचा टेकू म्हणूनही ठेवू नये. तेल झिरपतं आणि तो हळूहळू बसतो. नुसत्या जॅकवर असलेल्या ट्रेलरखाली कोणी शिरायचं नाही, हा नियम मुलांनाही सांगितलेला होता.

पायरी

पायरीखाली '२ बाय ४' च्या दोन उलट-सुलट पाचरी ठोकून तिला टेकू देता येतो. एकास सहा उताराच्या पाचरी आपल्या आपण सुटत नाहीत. पण इथे पायरी वापरणारी माणसं सत्तरीची होती. दुमडणारी लोखंडी पायरी अरुंद असते आणि तिला कठडा नसतो. म्हणून ती मिटवून ठेवली आणि ट्रेलरला न टेकणारा स्वतंत्र लाकडी जिना केला : ७ इंच चढ, ११ इंच पाऊल, ३५ इंचांवर कठडा. दारात जिना आणि ट्रेलर यांत इंचभर फट ठेवली. कोणी चढलं-उतरलं तरी आत काही कळत नाही. आईंनी सगळ्या कामातलं हेच एक काम मनापासून वाखाणलं.

निष्पत्ती

जूनच्या मध्यापर्यंत रात्रीच्या तक्रारी थांबल्या. थोडी हालचाल उरली. टायर आणि स्प्रिंगपाट्यांवर उभी असलेली वस्तू घरासारखी स्तब्ध होत नाही. आईंचं गरगरणं थांबलं, मुलांनी पलंगावर उड्या मारल्या की भांडी अजून वाजतात.

जुलैत दोन दिवसांच्या मुसळधार पावसानंतर मागचा डावा कोपरा ३/८ इंच खचला. तोच कोपरा. या वेळी कारण दिसलं : छताच्या पन्हाळीचं तोंड बरोबर त्या ओट्यावर पडत होतं. पन्हाळीला नळी जोडून पाणी सहा फूट दूर सोडलं आणि उथळ चर काढला. त्यानंतर तो कोपरा खचला नाही. पण दुरुस्तीत घाई नडली. तिरकी नळी सैल न करताच जॅक चढवला गेला आणि तळव्याचा पत्रा वाकला. उंचीत बदल करायचा तर आधी नळीचे यू-बोल्ट सोडायचे, मग जॅक फिरवायचा, मग पुन्हा आवळायचे. हे खडूने चेसिसवरच लिहून ठेवलं गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

पन्हाळ पहिल्या दिवशी बघायला हवी होती. एकच कोपरा वारंवार खचत असेल तर बहुतेक वेळा वरून पाणी पडत असतं, आणि ते शोधायला पावसात पाच मिनिटं छत्री घेऊन उभं राहणं पुरतं.

क्रमही थोडा बदलता आला असता. पाचर आणि स्वतंत्र जिना ही दोन कामं एका दुपारची, आणि ज्या माणसाला सर्वांत जास्त त्रास होता तिचा निम्मा त्रास त्यांनीच गेला असता. खडी आणि ओट्यांचं काम नंतरच्या आठवड्यात चाललं असतं. साखळीचा खर्च वाचला असता. स्टँडबद्दल मतभेद राहिले. वडिलांच्या मते ते हवेतच, पण लेसरच्या ठिपक्यात त्यांनी पडलेला फरक जेमतेम दिसत होता. पायाखालच्या फरशीला तो जास्त कळत असावा.

वाऱ्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा सगळा बंदोबस्त डोलण्यापुरता आहे, उलथण्यापासून वाचवण्यासाठी नाही. तिरक्या नळ्या ट्रेलरला जमिनीशी बांधत नाहीत. वादळाचा इशारा आला की स्लाइड-आउट आत घ्यायची आणि माणसांनी पक्क्या इमारतीत जायचं.

हंगाम संपल्यावर स्टँड, तिरक्या नळ्या आणि पाचरी काढून ठेवल्या. त्या भागात हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते, आणि ओली चिकणमाती गोठताना फुगून वर येते, तीही सगळीकडे सारखी नाही. सगळे टेकू तसेच ठेवले असते तर फेब्रुवारीत एखादा कोपरा जमिनीनेच उचलला असता आणि चेसिसला पुन्हा तोच पीळ बसला असता. ट्रेलर चाकांवर सोडला, कोपऱ्यांतले जॅक ओट्यापासून बोटभर वर ठेवले, आणि नळ्यांच्या भोकांवर ग्रीस लावून त्या ट्रेलरच्या पोटातल्या कप्प्यात टाकल्या.